जॉबरजींचे दोन पिवळे दिवे

कुठलीही बिघडलेली वस्तू समोर आली की जॉबरजी पहिलं काम करायचे ते म्हणजे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मग ते शिलाई मशीन असो, गळका नळ असो की गल्लीतल्या कुणाचा रुसलेला टेपरेकॉर्डर असो. हात मागे, मान जरा तिरपी, डोळे अर्धवट मिटलेले. शेजारचा कुणी उत्साहानं स्क्रू फिरवायचा पेचकस घेऊन पुढे सरसावला की लगेच हुकूम सुटायचा, "हात मागे! हात मागे घे भिया! पहिले बघू तर दे."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला बोलावलं की काम होतंच असं नाही, पण काम होईपर्यंतचा वेळ फार छान जातो.

मी तेव्हा तुकोगंजातल्या एका कचेरीत नोकरीला होतो आणि बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत जॉबरजींच्या समोर राहत होतो. ते मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे जिथे साच्यांवर कापड विणलं जातं तिथे, जॉबर होते. साच्यांची एक अख्खी ओळ त्यांच्या ताब्यात असायची आणि तिच्यातला कुठलाही साचा अडला की तो चालू करून देणं त्यांचं काम. चालू साच्याजवळ जाताना हात मागे घ्यायचे, हा तिथला पहिला धडा. "ज्यानं नाही ऐकलं, त्याची बोटं मोजून बघ," असं ते नव्या माणसाला सांगत आणि स्वतःची दहाच्या दहा बोटं अभिमानानं नाचवून दाखवत.

तिथला दुसरा धडा असा, की दुसऱ्याच्या खात्यात हात घालायचा नाही. बाबीन, म्हणजे सुताची रीळ, खराब आली तर बाबीनखात्याच्या जॉबरला निरोप धाडायचा, आपण ती दुरुस्त करायला जायचं नाही. गेलात तर भांडण ठरलेलं. हा नियम जॉबरजींनी घरीही जसाच्या तसा आणला होता. रेडिओ, सायकल, दारांच्या कड्या हे त्यांचं खातं. देव, स्वयंपाकघर, पाहुणे आणि दृष्ट हे वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि शेगडीवर दूध वर येऊ लागलं. जॉबरजी ताडकन उठले, दुधापाशी गेले, हात मागे बांधले आणि ओरडले, "अगं ए! तुझ्या खात्यात दूध उतू चाललंय!" वहिनी ओल्या हातांनी धावत येईपर्यंत निम्मं दूध ओट्यावर आलं होतं. "नॉब तेवढा बंद करता येत नाही का हो?" वहिनींनी विचारलं. "करता येतो," जॉबरजी शांतपणे म्हणाले, "पण उद्या तू माझ्या रेडिओला हात लावशील, त्याचं काय?"

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी एक पाळी बंद झाली, मग पगार लांबले, मग फाटकाला कुलूप लागलं आणि कुलूप लागल्यावरही लोक रोज तिथे जाऊन उभे राहत. जॉबरजीही जात. परत आले की गल्लीतून हात मागे बांधून चालत राहत आणि ज्याच्या त्याच्या सायकलीकडे, कुलराकडे बघत. कुणी काही बिघडलंय म्हणून सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्या बायकोनं तर दोनदा चांगली चालणारी मिक्सी बिघडली म्हणून त्यांच्याकडे पाठवली होती.

त्याच काळात गल्लीच्या तोंडाशी एसटीडीचं दुकान आलं, छतांवर डिश आल्या आणि खेड्यापाड्यांत पाऊच पोचले. शाम्पूचे पाऊच, तेलाचे पाऊच, चहाचे पाऊच. ते हाटाहाटांतून, म्हणजे गावोगावच्या आठवडी बाजारांतून, पोचवायला माणसं हवी होती. एका वितरकानं जॉबरजींना लाइन दिली. सोमवारी हातोद, मंगळवारी देपालपूर, आणि गुरुवारी सांवेरच्या पलीकडचं एक गाव. एक जुनी मोटरसायकल त्यांनी घेतली, तिला दोन्ही बाजूंनी कॅनव्हासच्या पिशव्या लटकवल्या आणि पन्नाशी उलटलेले जॉबरजी शाम्पू विकायला निघाले. स्वतःच्या डोक्यावर धड मूठभर केस नव्हते. "दुकानदार विचारतो, तुम्ही स्वतः लावता का? मी म्हणतो, भिया, मी उशिरा सुरू केलं, तू चूक नको करू."

गाडीचा मुख्य दिवा फारच मंद होता, घरातल्या समईइतका. हाट आटोपून परत येताना संध्याकाळ व्हायची. रस्त्यावर बैलगाड्या असायच्या, त्यांना मागे ना लाल दिवा, ना चमकपट्टी. म्हणून जॉबरजींनी लेगगार्डवर दोन जास्तीचे पिवळे दिवे बसवले. वायरिंग स्वतःच केलं. बटण हँडलपाशी, एक तार बॅटरीकडून दिव्यांपर्यंत, आणि अर्थिंगची तार, म्हणजे दिव्यांतून वीज परत न्यायची ती, दोन दिव्यांच्या मध्ये लेगगार्डच्या एका लांबलचक बोल्टखाली कसलेली. पहिल्या दिवशी दिवे लागले तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. वहिनींनी दिव्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याच लांब बोल्टला लिंबू-मिरची बांधली.

दिवे महिनाभर गुण्यागोविंदानं लागले. मग त्यांना लहर आली. कधी लागत, कधी लागत नसत. खड्ड्यात गेली गाडी की विझत, पुढच्या खड्ड्यात पुन्हा लागत. गल्लीत आणून उभी केली की मात्र दोन्ही दिवे शहाण्या मुलांसारखे लख्ख. दवाखान्याच्या पायरीवर पोचलं की दाढ दुखायची थांबते ना, तसलाच प्रकार.

जॉबरजी हात मागे बांधून तासन्‌तास गाडीसमोर उभे राहायचे. मग एकेक गोष्ट काढायचे. बटण बदललं. फ्यूज बदलला. बल्ब एकमेकांच्या जागी लावून पाहिले. बॅटरीची टोकं घासली. हँडल वळवलं की तार ताणली जाते म्हणून ती तार नवी आणि लांब टाकली. गल्लीतल्या प्रत्येकाचं एक मत होतं आणि ते प्रत्येक मत त्यांनी करून पाहिलं. नाक्यावरच्या मिस्त्रीनं तर सांगून टाकलं, "जॉबरजी, गाडी में भूत है." जॉबरजी म्हणाले, "भूत माझ्या खात्यात येत नाही, घरी विचारून सांगतो."

एका गुरुवारी हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. सांवेरकडून येताना अंधार पडू लागला होता. दोन्ही दिवे एकाएकी गेले आणि जॉबरजींना पुढची कडब्याची बैलगाडी दिसली ती अगदी नाकासमोर. त्यांनी गाडी बाजूला घातली ती थेट नाल्यात. बैलगाडीवाल्यानं त्यांना ओढून काढलं. खांदा सुजला, गुडघा फुटला आणि पिशवीतले शाम्पूचे पाऊच सगळे अंगाखाली फुटले. घरी आल्यावर वहिनींनी नाल्याचा चिखल धुवायला त्यांच्या डोक्यावर बादली ओतली तर गुडघाभर फेस. गल्ली हसली. जॉबरजीही हसले. "बघ, शेवटी मीपण लावला."

वहिनी हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी एसटीडीवरून आपल्या भावाला फोन लावला. भावाचं खंडव्याला कापडाचं दुकान होतं. मिल बंद पडल्यापासून तो बोलावतच होता की इथे या, गादीवर बसा, राहायला वरची खोली आहे. वहिनी फोन ठेवून घरी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ पुढच्या शुक्रवारी येतोय. गाडी विकायची आणि आपण खंडव्याला जायचं."

मी तिथेच होतो. जॉबरजींनी सुजलेला खांदा चोळला. मग म्हणाले, "जन्मभर कापड विणलं गं. आता तिथे बसून कात्रीनं कापू?"

"कापा," वहिनी म्हणाल्या, "पण डोळ्यांसमोर बसून कापा."

त्यांचं म्हणणं खरं होतं आणि जॉबरजींचंही खरं होतं. खंडवा वाईट नाही. पण आमच्या गल्लीतून जॉबरजी उठून जायचे, ही कल्पना मला सहन होईना. सकाळी ऑफिसला निघताना "ब्रेक वाजतोय भिया, हात मागे घे, बघू दे" असं म्हणायला समोर कुणी नसायचं, म्हणजे काय? शेवटी बरीच बोलाचाली होऊन वहिनी एका अटीवर आल्या. पुढच्या गुरुवारी जॉबरजींनी हाटाला जावं. दोन्ही दिवे लावून घरी परत आले तर ठीक, भावाला त्या स्वतः नाही म्हणतील. नाही तर शुक्रवारी सामान बांधायचं.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळचा चहा घेऊन मी आणि जॉबरजी दोघंही हात मागे बांधून गाडीसमोर उभे होतो. बटण चालू होतं, दोन्ही दिवे उन्हातही पिवळे दिसत होते. "सगळं बदललं भिया," जॉबरजी म्हणाले. "आता बदलायला मीच राहिलो."

"सगळं म्हणजे सगळं?" मी विचारलं.

"माझ्या खात्यातलं सगळं."

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. एका हातात ताजं लिंबू आणि मिरच्या ओवलेली लोखंडी तार, दुसऱ्या हातात पक्कड. दर शनिवारी त्या जुनं लिंबू काढून नवं बांधत. त्यांना येताना पाहून जॉबरजी अदबीनं दोन पावलं मागे सरले, पाळी बदलताना माणूस आपली जागा दुसऱ्याला देतो तसे. वहिनी खाली बसल्या आणि बोल्टवरच्या जुन्या तारेचा पीळ पक्कडीनं सोडवू लागल्या.

दोन्ही दिवे विझले.

मी जॉबरजींकडे पाहिलं. ते हलले नाहीत. वहिनींचं लक्ष लिंबाकडे होतं. त्यांनी नवी तार बोल्टभोवती गुंडाळली आणि पक्कडीनं चांगला करकचून पीळ दिला. दिवे लागले. पीळ नीट बसला नाही म्हणून त्यांनी तो सैल केला. दिवे गेले. पुन्हा आवळला, पुन्हा आले. आता वहिनींच्याही ध्यानात आलं. त्यांनी तार हळूच सोडली, आवळली, आणि पक्कड हातात तशीच धरून वर पाहिलं.

"अहो, हे मी करतेय का?"

त्यांची नजर जॉबरजींच्या फुटलेल्या गुडघ्यावर गेली.

"मतलब त्या दिवशी..." वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी माझ्या लिंबानं पाडलं तुम्हाला?"

जॉबरजींनी पाठीमागचे हात सोडले. पुढे येऊन वहिनींच्या शेजारी उकिडवे बसले. "तुझं खातं आहे," ते म्हणाले. "परवानगी असेल तर बघतो." वहिनींनी पक्कड त्यांच्या हातात दिली. त्यांनी लिंबू-मिरची अलगद सोडवून वहिनींच्या ओंजळीत ठेवली, बोल्टचा नट काढला, तो बोटांनीच फिरला, आणि अर्थिंगच्या तारेच्या टोकाची तांब्याची कडी बाहेर ओढली. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. कडीवर हिरव्या-पांढऱ्या क्षाराचा जाड थर बसला होता आणि एका बाजूनं तांबं खाऊन पार झालं होतं. दर आठवड्याला ताजं लिंबू तारेनं टोचलेलं, त्याचा रस बरोबर त्या कडीवर ठिबकत असणार. शनिवारी वहिनी तार करकचून बांधायच्या म्हणून कडी दाबली जायची आणि दिवे लागायचे. गुरुवारपर्यंत लिंबू सुकायचं, तार सैल पडायची आणि खड्ड्यांच्या हादऱ्यानं दिवे जायचे. सगळं स्वच्छ समोर होतं.

मी पाहिलं हे जॉबरजींनी पाहिलं. त्यांनी मूठ मिटली आणि ती कडी खिशात टाकली.

"हा नट बघ," ते वहिनींना म्हणाले. "ढिला. मीच कच्चा कसलेला. तुझ्या तारेनं धरून ठेवलं होतं म्हणून इतके दिवस लाइट तरी लागली. तू बांधत नसतीस तर मी पहिल्याच हाटाला गिरलो असतो."

"खरं का हो भाऊजी?" वहिनींनी मला विचारलं.

"अगदी खरं," मी म्हणालो. आणि तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतंच. नट ढिला होता हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. उरलेलं अर्धं जॉबरजींच्या खिशात होतं आणि ते त्यांचं खातं होतं.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "मग नीट कसायला काय झालं होतं? दुसऱ्यांच्या मिक्स्या दुरुस्त करता आणि स्वतःच्या गाडीचा एक नट कसता येत नाही? भावाला काय सांगू मी, की माझा माणूस ढिल्या नटामुळे नाल्यात गेला?" हे बोलणं बराच वेळ चाललं. जॉबरजी मान खाली घालून ऐकत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. इतक्या आनंदानं शिव्या खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुपारपर्यंत त्यांनी अर्थिंगची तार नवी टाकली. ती आता थेट सीटखाली नेली, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं केलं, नवी कडी कसली आणि वरून ग्रीस फासलं. लेगगार्डचा तो लांब बोल्ट रिकामा झाला. "हा आता पूरा तुझा," त्यांनी वहिनींना सांगितलं, आणि वहिनींनी त्यावर लिंबू-मिरची बांधली, पूर्वीपेक्षाही घट्ट.

पुढचं आताच सांगून टाकतो. जॉबरजी खंडव्याला गेले नाहीत. गुडघे साथ देत होते तोवर त्यांनी हाट केले, नंतर घरीच बसून गल्लीभरच्या वस्तूंसमोर हात बांधून उभे राहिले आणि चांगलं वय झाल्यावर आपल्या अंथरुणात, वहिनी उशाशी असताना गेले. गाडीवरून ते पुन्हा कधी पडले नाहीत. समोरच्या घरात आता दुसरी माणसं आहेत, भली आहेत, काही बिघडलं की नवं आणतात. जॉबरजी आठवले की मला मात्र तो गुरुवार आठवतो.

त्या दिवशी मी ऑफिसातून मुद्दाम लवकर निघालो. दिवेलागण होऊन गेली होती. वहिनी दारात उभ्या होत्या. हातात निवडायला म्हणून मेथीची जुडी होती, पण एक पान तोडलेलं नव्हतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"मी काही वाट बघत नाहीये," वहिनी म्हणाल्या. "आत गरम होतं म्हणून आले."

"हो ना, उकडतंय खरं," मी म्हणालो. खरं तर मी स्वेटर घातला होता.

गल्लीच्या तोंडाशी एक स्कूटर आली, गेली. एक रिक्षा आली. वहिनी दर वेळी एक पाऊल पुढे जात आणि परत येत. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघणार होता. मला उगीचच त्या नव्या कडीची, ग्रीसची, सांवेरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची काळजी वाटू लागली. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "आता येतीलच." वहिनींनी ऐकलं नाही.

मग कोपऱ्यावर उजेड वळला. खाली, रस्त्यापासून हातभर उंचीवर, दोन पिवळे दिवे. कोपऱ्यावरच्या गटाराच्या फरशीवरून गाडी दणदणत आली तरी ते लुकलुकले नाहीत.

"दोन आहेत ना भाऊजी?" वहिनींनी विचारलं. त्यांना दिसत होतं, तरी विचारलं.

"दोन."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग एकदम घाई केली. "भावाला आत्ताच फोन करून येऊ नको म्हणते. नाही, आधी पोळ्या. आणि हे बघा, मी बाहेर उभी होते हे बोलू नका हं. उगीच चढून बसतील." मेथी छातीशी धरून त्या आत पळाल्या आणि क्षणात स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटण्याचा जरा जास्तच मोठा आवाज येऊ लागला.

जॉबरजींनी गाडी दारात लावली. इंजिन बंद केलं, पण दिव्यांचं बटण तसंच ठेवलं. खाली उतरून हात मागे बांधले आणि दोन्ही दिव्यांकडे समाधानानं पाहिलं.

"वहिनी आत पोळ्या करतायत," मी म्हणालो. "केव्हाच्या आतच आहेत."

"खोटं नको बोलू भिया," जॉबरजी हळूच म्हणाले, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "दोन्ही दिवे लागलेत. तिचा चेहरा मला कोपऱ्यावरूनच दिसला."